रेडीच्या पलीकडे

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली तीन ओळी पदव्यांच्या आणि परवान्यांच्या आहेत. त्या आजवर कुणीही वाचलेल्या नाहीत. चौथ्या ओळीत मोबाइल नंबर आहे. तो वाचून लोक फोन करतात आणि विचारतात, "साहेब, आमच्या फ्लॅटचे किती येतील?"

मी ब्रोकर नाही, व्हॅल्यूअर आहे. हा फरक मी नेरुळमध्ये तीस वर्षं समजावतोय. ब्रोकर किंमत सांगतो तेव्हा विकणारा खूश होतो, घेणारा घासाघीस करतो आणि शेवटी तिघं मिळून चहा पितात. मी किंमत लिहितो तेव्हा कुणीच खूश होत नाही. कर्ज हवं असणाऱ्याला ती कमी वाटते, बँकेला जास्त वाटते. भावाभावांच्या वाटणीत तर घर ठेवणाऱ्या भावाला जास्त आणि पैसे घेणाऱ्या भावाला कमी, असा एकच आकडा एकाच वेळी दोन्हीकडून चुकतो. चहा मलाही मिळतो, पण रिपोर्टच्या आधी. नंतर पाणीसुद्धा कुणी विचारत नाही.

आमच्या घराण्यात हा धंदा माझ्याबरोबर संपेल असं वाटलं होतं. पण ताईचा मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला, हेच करतो. तिकडे त्याला अप्रेझर म्हणतात. अमेरिकेत जाऊनही आयटीत नसलेला आमच्यातला हा एकुलता एक. ताई नातेवाइकांना 'रिअल इस्टेटमध्ये आहे' एवढंच सांगून विषय बदलते. मुलगा मामाच्या वळणावर गेला हे लग्नाच्या बाजारात सांगण्यासारखं नसावं.

गेल्या गणपतीत त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"मामा, एक घर बघायचं काम आलंय. डेलावेअर नदी ओलांडली की लगेच आहे. पण नदीच्या पलीकडे पेनसिल्व्हेनिया."

"मग पुलावर टोल जास्त आहे का?"

"टोलचं नाही हो मामा. तिथलं लायसन्स वेगळं."

मग त्यानं मला त्यांच्या दुःखाचा इतिहास सांगितला. 1980 च्या दशकात तिकडच्या कर्ज देणाऱ्या संस्था धडाधड बुडाल्या. घराजमिनींच्या फुगवलेल्या किमतींवर कर्जं वाटली, हे त्यातलं एक कारण. म्हणून 1989 साली तिथल्या संसदेनं कायदा केला की सरकारी देखरेखीखालच्या कर्जव्यवहारात किंमत ठरवणारा माणूस परवानाधारकच हवा. पण परवाना द्यायचा राज्यांनी. राज्यं 50. म्हणजे नदी, डोंगर किंवा नुसता रस्ता ओलांडला की हा माणूस किंमत ठरवायला नालायक. एकाच कामापुरता तात्पुरता परवाना मिळतो, किंवा एका राज्याचं लायसन्स बघून दुसरं राज्य आपलं देतं. त्यासाठी फॉर्म, फी, काही ठिकाणी बोटांचे ठसे. शिवाय दर दोन वर्षांनी नियमांच्या पुस्तकावर 7 तासांचा क्लास. बोटांचे ठसे ऐकून मला जरा बरं वाटलं. आपल्याकडे व्हॅल्यूअरवर संशय घेतात, पण तोंडी.

"आमच्याकडे असलं काही नाही," मी म्हणालो आणि खुर्चीत ताठ बसलो. "एक परवाना, अख्खा देश."

हे खरंच आहे. 2017 च्या नियमांनी कंपनी कायद्याखालची 'नोंदणीकृत मूल्यांकनकार' नावाची जात अस्तित्वात आली. आधी मूल्यांकनकारांच्या संघटनेचा 50 तासांचा क्लास, मग संगणकावर परीक्षा. शंभरातले 60 मिळवायचे, आणि उत्तर चुकलं तर त्या प्रश्नाचे पाव गुण कापायचे. ही परीक्षा मी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी दिली. त्या महिन्यात घरी माझ्यासाठी टीव्ही बंद आणि बदाम चालू होते. पास झालो. नोंदणी देणाऱ्या संस्थेचं नाव भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळ. घरांच्या किमती ठरवणाऱ्यांवर दिवाळखोरी मंडळानं लक्ष ठेवावं, यात नवी मुंबईत घर शोधणाऱ्या एकाही माणसाला काही विसंगत वाटलेलं नाही.

तर या नोंदणीवर राज्याचं नाव नसतं. कायद्यानं मी लडाखमधला बंगला मोजू शकतो. बोलावत कुणी नाही, हा भाग वेगळा. बँकांची पॅनेलं वेगळी असतात, आणि माझं नाव असलेल्या पॅनेलची हद्द पनवेलच्या पुढे जाता जाता दमते. पण भाच्याला हे सांगायची गरज नव्हती.

गंमत बघा, आमच्या बिल्डिंगखाली गाळा नंबर तीनमध्ये जो ब्रोकर बसतो त्याची गत माझ्या बरोबर उलटी. त्याचं राज्य ठरलेलं. रेरा कायद्यात एजंटाची नोंदणी राज्यवार असते. एकदा केली की अख्ख्या राज्याला पुरते आणि राज्याच्या वेशीवर संपते. महाराष्ट्रात एकट्या माणसाला फी 10,000 रुपये, मुदत 5 वर्षं. नोंदणीशिवाय धंदा केला तर दंड रोजचा 10,000 आणि तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. म्हणजे कागदोपत्री आमच्या ब्रोकरची सत्ता उत्तरेला तलासरीला संपते. त्यानंतर दमणला पुन्हा महारेराची, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाची, हद्द लागते, कारण दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली महारेराच्याच अधिकारात येतात. मराठी माणूस दमणला जागा बघायला जात नाही, ही अडचण सोडली तर सोय चांगली आहे.

पण हद्द त्याच्या कागदाला आहे, तोंडाला नाही.

"साहेब, गोव्याला व्हिला आहे एक. बघता का?"

"तुमची नोंदणी गोव्यात आहे?"

"माझी नाही. साडूची आहे."

2023 पासून महाराष्ट्रात एजंटांनाही प्रशिक्षण आणि परीक्षा आली. वीस वर्षं सुपर बिल्टअपवर संसार केलेला हा माणूस परीक्षेच्या आदल्या रात्री कार्पेट एरियाची व्याख्या विचारायला माझ्याकडे आला. मी सांगितली : घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून. बाहेरच्या भिंती नाहीत, डक्ट नाही, बाल्कनी नाही.

"बाल्कनी नाही?" तो बराच वेळ समोरच्या बाल्कन्यांकडे बघत राहिला. "मग आजपर्यंत मी काय विकलं?"

तो पहिल्या फटक्यात पास झाला. आता गाळ्यात गणपतीच्या फोटोशेजारी सर्टिफिकेट लावलंय आणि हार दोघांना असतो.

भाच्यापुढे मारलेली फुशारकी मला मात्र रात्री टोचली, कारण केरीची गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती.

नेरुळचेच एक निवृत्त गृहस्थ. वाडवडिलांची मालमत्ता कोकणात. भावंडांत वाटणी करायची म्हणून व्हॅल्युएशन हवं होतं. थोडी जमीन रेडीला आणि एक जुनं घर, मागे माडांचं भाट, केरीला. रेडी सिंधुदुर्गात, वेंगुर्ला तालुका. केरी गोव्यात, पेडणे तालुका. मध्ये तेरेखोलची खाडी. आता तेरेखोलचा किल्ला आणि गाव खाडीच्या अलीकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला, पण मालकी गोव्याची. गोव्यातून तिथे जायचं तर फेरीबोट, गाडीरस्त्यानं जायचं तर महाराष्ट्रातून. कुणा व्हॅल्यूअरला छळायचं म्हणूनच आखल्यासारखा नकाशा आहे.

पहिली गंमत निघण्याआधीच झाली. जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून मी म्हटलं, "मला रेडीचा रेडी रेकनर पाहिजे."

तो म्हणाला, "रेकनर रेडी आहे. पण गाव कुठलं?"

"रेडी."

"हो, रेडीच आहे. गाव सांगा ना."

दोन मिनिटं आम्ही असेच एकमेकांच्या बुद्धीचं मूल्यांकन करत होतो.

रेडीत मी राजासारखा वावरलो. सातबारा माझ्या ओळखीचा, गुंठा माझ्या ओळखीचा. 1089 चौरस फूट, झोपेत विचारा. तलाठ्याशी बोलायची पद्धत ओळखीची. इतर हक्कात काय लिहिलंय ते मी कागद उलटा धरला तरी वाचतो. दुपारपर्यंत काम उरकून, गणपतीचं दर्शन घेऊन, उकड्या तांदळाची पेज पिऊन मी तेरेखोलहून फेरीबोटीत पाय ठेवला. खाडी काही फार रुंद नाही. पण पलीकडच्या काठावर उतरलो तेव्हा मी निरक्षर झालो होतो.

पहिल्याच माणसाकडे सातबारा मागितला. तो माझ्याकडे, एडिसनमध्ये रेशनकार्ड मागितल्यासारखा बघायला लागला. गोव्यात सातबारा नाही, 'एक-चौदा'चा उतारा असतो. ही वेळ आहे, रक्तदाब आहे की बसचा नंबर, हे मला बराच वेळ कळेना. गुंठा म्हटलं की लोक दयेनं हसत. तिथे चौरस मीटर. जमीन कुणाची विचारलं तर 'कोमुनिदादीची' असं उत्तर येई. ही पोर्तुगीजांच्याही आधीपासूनची गावसंस्था आहे, हे मला नंतर वाचून कळलं. त्या क्षणी मी तो एखाद्या बाईंचा उल्लेख समजलो आणि त्या कुठे भेटतील असंही विचारलं.

मग भाटात गेलो. पुढे मालकाचं कौलारू घर, कुलूप. मागे माडांत दुसरं छोटं घर, पुढ्यात तुळस, दोरीवर कपडे, पडवीत बनियनमधले एक वयस्क गृहस्थ सुकी सुंगटं निवडत बसलेले. माझ्या फॉर्मवर रकाना होता : ताबा कुणाचा? त्यासमोर दोनच चौकोन, मालक आणि भाडेकरू.

"तुम्ही भाडेकरू का?" मी विचारलं.

"भाडेकरू?" सुंगटं थांबली. "मी मुंडकार."

"म्हणजे भाडं किती देता?"

"भाडं कसलं?"

"मग मालक तुम्ही?"

"घर माझं."

"आणि जमीन?"

"भाटकाराची."

"मग भाटकार तुम्हाला उठवू शकतो?"

ते हसले. त्या हसण्यात कायद्याची सगळी कलमं होती. आत हाक मारून ते म्हणाले, "गो, मुंबयसून मनीस आयला, च्या दवर."

मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर, त्याच्या संमतीनं, पिढ्यानपिढ्या घर करून राहिलेला माणूस. 1975 च्या गोव्याच्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याला सहजासहजी काढता येत नाही, आणि ते घर आणि भोवतालची थोडी जागा विकत घ्यायचा हक्कही त्याचाच. नेरुळच्या आमच्या गृहस्थांनी मात्र मला 'मागे आजोबांच्या वेळचा एक माणूस राहतो' एवढंच सांगितलं होतं. तो 'एक माणूस' किमतीतून केवढा वजा होतो, याची त्यांना कल्पना नव्हती. मलाही नव्हती. पेडण्याच्या एका वकिलानं ती दिली तेव्हा माझ्या अखिल भारतीय परवान्याची झेरॉक्स माझ्याच खिशात होती. वकिलानं फी घेतली नाही. 'पुढच्या वेळी आधी फोन करा' म्हणाला, हे फीपेक्षा महाग पडलं. शेवटी फॉर्मवर मी पेनानं तिसरा चौकोन काढला आणि त्याच्यापुढे लिहिलं, मुंडकार.

ही गोष्ट मी घरी आल्यावर रंगवून सांगितली. बायको ऐकून एवढंच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला न कळणारी घरंही आहेत तर." तेव्हापासून आमच्याकडे मुंडकार हा घरगुती शब्द झाला. कामवाली आली नाही की मी मुंडकार, मुलगा नोकरी सोडून घरी बसला होता तेव्हा तो मुंडकार.

केरीपासून मी शहाणा झालो. राज्याची हद्द हीच काय ती हद्द, हा भ्रम गेला. सरकारी दराला आपल्याकडे रेडी रेकनर म्हणतात, गुजरातेत जंत्री, दिल्लीत सर्कल रेट, कर्नाटकात गायडन्स व्हॅल्यू. चेन्नईत जमीन 'ग्राउंड'मध्ये मोजतात, एक ग्राउंड म्हणजे 2400 चौरस फूट, आणि केरळात 'सेंट'मध्ये. पण एवढं लांब जायला नको. माझ्या खिडकीतून दिसतील एवढ्या हद्दी नवी मुंबईतच आहेत.

ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घेऊन हे शहर झालं. 1970 साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली, तिनं सेक्टर पाडले आणि गावांच्या घरांना गावठाणात ठेवलं. आता एक अरुंद रस्ता घ्या. या बाजूला सेक्टर : भोगवटा प्रमाणपत्र, वॉचमन, कुत्र्यांबद्दलची नोटीस. त्या बाजूला गावठाण : चार मजले, परवानगीच्या नावानं मौन, आणि समोरासमोरच्या खिडक्या इतक्या जवळ की या घरातली फोडणी त्या घरातल्या आमटीला चालते. रस्त्याची रुंदी म्हणाल तर एक रिक्षा आणि एक शिवी. ती ओलांडताना भावात जो फरक पडतो तो डेलावेअर नदीवरही पडत नसेल. बँक या बाजूला कर्ज देते आणि त्या बाजूला 'बघू' म्हणते. इथं मात्र कुणी परवाना विचारत नाही.

काळाची हद्दही ओलांडावी लागते. आयकरासाठी जुन्या घराची 1 एप्रिल 2001 ची किंमत काढून द्या म्हणून लोक येतात. एप्रिलची एक तारीख कुणी निवडली ते विचारत बसू नये. मग मी उलव्याकडे बघत, विमानतळ नाही, अटल सेतू नाही, लोकल नाही, असं एकेक पुसत मागे जातो. अशाच कामासाठी करावे गावचे एक आगरी आजोबा आले होते. सोबत नातू, नातवाच्या हातात फाइल. आजोबांची शेती सिडकोत गेलेली. 1984 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्या लढ्यातून पुढे शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. इथे 'साडेबारा टक्के' हा आकडा नाही, गोत्र आहे. तो प्लॉट विकायचा होता. नातवानं सांगितलं की 2024 च्या बजेटपासून नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे.

आजोबांनी त्याला दोनदा विचारून खात्री केली. मग मला म्हणाले, "म्हंजे साडेबारा त्यांनी दिलं, नि साडेबारा आता तेच नेनार. फिट्टंफाट झाली की रं!"

असो. गेल्या महिन्यात मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं ठरलं आणि आमचाच फ्लॅट तारण ठेवायची वेळ आली. स्वतःच्या घराचं व्हॅल्युएशन स्वतः करता येत नाही. बँकेनं आपल्या पॅनेलवरचा माणूस पाठवला. तो यायच्या दिवशी बायकोनं सकाळपासून घर असं आवरलं, जणू घरालाच बघायला पाहुणे येणार होते. मी तिला सांगत होतो की आम्ही लोक पडदे बघत नाही. ती म्हणाली, "म्हणून तुमचे भाव कमी येतात."

आला तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. सूरतचा, नवी मुंबईत येऊन तिसरा आठवडा. लेझरचं यंत्र भिंतीवर धरलं, लाल ठिपका कपाटावरून देव्हाऱ्यावर गेला, टिंग झालं, खोली मोजून संपली. टेप धरायला शेजारचं पोर बोलवायचं, ते टेप सोडून पळायचं, हे माझं अर्धं आयुष्य त्यानं आठ मिनिटांत उरकलं. फोटो काढले. त्यातल्या दोन फोटोंत बायको आहे आणि एकात मी पंखा पुसतोय.

मग तो सोफ्यावर बसला. "अंकल, इधर जंत्री क्या चल रहा है?"

"जंत्री?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "कसली जंत्री देताय त्याला? पोहे झालेत, आधी खा म्हणावं."

मी त्याला रेडी रेकनर सांगितला. त्यानं आमचा करारनामा उघडला. पहिल्याच पानावर अडला.

"ये साढ़े बारह परसेंट का प्लॉट लिखा है... मतलब टैक्स भरा हुआ है ना?"

मला केरीची पडवी आठवली. सुकी सुंगटं आठवली. मी घसा साफ केला आणि तीस वर्षांचा अनुभव एकवटून सांगायला लागलो. जमीन मुळात शेतकऱ्याची. ती सरकारनं घेतली, सिडकोला दिली. सिडकोनं साडेबारा टक्क्यांत त्यातला तुकडा शेतकऱ्याला परत दिला, पण 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. शेतकरी, बिल्डर आणि सिडको यांचा त्रिपक्षीय करार झाला. बिल्डरनं बिल्डिंग बांधली, आम्ही फ्लॅट घेतला. विकताना सिडकोची परवानगी आणि ट्रान्सफर चार्जेस.

मुलगा पोह्यांचा चमचा हातात धरून ऐकत होता. त्याच्या फॉर्मवर रकाना होता, समोर दोन चौकोन. पेन दोन्ही चौकोनांच्या मध्ये हवेत.

"तो अंकल, मालिक कौन? आप?"

"फ्लॅट आमचा."

"और ज़मीन?"

"सिडकोची."

"तो आप किरायेदार?"

"छे! भाडेकरू कसले?"

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला. बायको पदराला हात पुसत दारात आली.

"त्याला सरळ मराठीत सांगा ना," ती म्हणाली. "आम्ही मुंडकार."

मुलानं फॉर्मवर पेनानं तिसरा चौकोन काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"अंकल, स्पेलिंग?"